बिलिंग सॉफ्टवेअरच्या बटणांना कीबोर्ड शॉर्टकट कसे द्यायचे? भाषा सी शार्प, विंडोजचे फॉर्म बनवायला विनफॉर्म्स

प्रश्न:
नमस्कार मंडळी. मामाच्या कृषी सेवा केंद्रासाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवतोय. फॉर्मवर जतन, प्रिंट, नवीन बिल, रद्द अशी चार बटणं आहेत. काउंटरवरचे काका कित्येक वर्षं टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरवर काम करतायत, माऊसला हात लावत नाहीत, आणि खरिपाच्या गर्दीत समोर दहा माणसं उभी असताना त्यांना दर बिलाला माऊस धरायला लावणं मलाच पटत नाही. आधी बटणाची नावं इंग्रजीत होती, 'सेव्ह'च्या एसआधी & टाकलं की ऑल्ट+एस मस्त चालायचं. पण मामा म्हणाला बटणं मराठीत पाहिजेत, मग 'जतन करा' लिहिलं आणि ऑल्ट बंद पडलं. फॉर्मच्या कीडाउन इव्हेंटमध्ये (की दाबली की चालणारा कोड) लिहून बघितलं तर टेक्स्टबॉक्समध्ये कर्सर असला की तो चालतच नाही. काय चुकतंय?

उत्तर १:
& वाला शॉर्टकट अक्षरावर चालतो. 'ज'च्या आधी & टाकलंस तरी कीबोर्ड मराठीवर असायला लागेल, तो नाद सोड. कीडाउन चालत नाही कारण फॉर्मची कीप्रिव्ह्यू प्रॉपर्टी मुळात फॉल्स असते, त्यामुळे दाबलेली की थेट फोकस असलेल्या कंट्रोलला, म्हणजे कर्सर ज्या टेक्स्टबॉक्समध्ये आहे त्याला, जाते. ती ट्रू केलीस तर चालेल, पण मी तर फॉर्ममध्ये प्रोसेससीएमडीकी ही तयार मेथड ओव्हरराइड करतो, म्हणजे तिच्या जागी माझा कोड लिहितो, ते टेक्स्टबॉक्सच्या कीडाउनच्याही आधी येतं आणि सगळे शॉर्टकट एका जागी राहतात. की तपासायची, त्या बटणाचं परफॉर्मक्लिक बोलवायचं (कोडमधून बटण दाबल्यासारखं) आणि रिटर्न ट्रू, ते विसरलास तर तीच की पुढे टेक्स्टबॉक्सलाही जाते. बाकी सगळ्या कीजसाठी शेवटी बेसला, म्हणजे मूळ प्रोसेससीएमडीकीला, कॉल. आणि बटणावरच की लिही, 'नवीन बिल एफ८' असं, म्हणजे बदली माणूस बसला तरी अडणार नाही.

उत्तर २:
कोडचं झालं, पण कुठली की द्यायची ते काकांच्या हाताला विचार. टॅलीत एफ८ म्हणजे विक्री, एफ९ खरेदी, कंट्रोल+ए म्हणजे एंट्री पक्की. तेच ठेवा, नवीन काही शिकवू नका. कंट्रोल+ए ने एरवी टेक्स्टबॉक्समधला मजकूर सिलेक्ट होतो, तो आता होणार नाही, पण बिलाच्या फॉर्मवर त्याची कुणाला गरज पडत नाही. एफ४ ला हात लावू नका, कॉम्बोबॉक्स (यादीतून निवडायचा खाना) त्याने उघडतो. एफ१० पण नको, विंडोज ती मेनूसाठी वापरतं. रद्दला फॉर्मची कॅन्सलबटन प्रॉपर्टी लावा, एस्केप आपोआप मिळेल, पण अर्ध्या भरलेल्या बिलावर आधी 'खरंच रद्द करू?' विचारा, चुकून बोट लागलं तर वीस ओळी जातात.

प्रश्नकर्ता:
दोघांचे आभार, एफ८ चालू झालं! पण एक भयंकर गोष्ट दिसली. युरियाच्या ५ गोण्या टाकल्या, कर्सर नगाच्या खान्यातच होता, कंट्रोल+ए दाबलं, तर बिल १ गोणीचं सेव्ह झालं. माऊसने क्लिक केलं की बरोबर ५ येतात. हे दुकानात झालं असतं तर?

उत्तर १:
हिशोब नगाच्या खान्याच्या लीव्ह इव्हेंटमध्ये (कर्सर खान्यातून बाहेर पडला की चालणारा कोड) लिहिलायस ना? माऊसने क्लिक केलं की फोकस बटणावर जातो म्हणून लीव्ह चालतो. शॉर्टकटने कर्सर जागचा हलत नाही, लीव्ह येतच नाही, जुनाच आकडा राहतो. परफॉर्मक्लिकच्या आधी बटणाला फोकस दिलास तरी भागेल, पण खरं म्हणजे हिशोबाची वेगळी मेथड कर आणि जतन करताना पहिली ओळ तीच ठेव, मग बटण कसंही दाबलं जाऊदे. आणि बिल सेव्ह होईपर्यंत प्रिंटचं बटण डिसेबल ठेव, डिसेबल बटणावर परफॉर्मक्लिक काहीच करत नाही, तेवढीच जादा तपासणी फुकट मिळते.

प्रश्नकर्ता:
हो, लीव्हमध्येच होतं. मेथड वेगळी केली, आता दोन्हीकडून ५ च येतात. उद्या दुकान उघडायच्या आधी काकांना बसवून जुनी २०-२५ बिलं परत टाकून बघतो आणि मगच चालू करतो.