प्रश्न फक्त बियाण्याचा नाही

"जीएम (जनुकीय बदल केलेल्या) पिकांशिवाय वाढत्या लोकसंख्येचं पोट भरणारच नाही" हे विधान मला अर्धंच पटतं.

तंत्र उपयोगी आहे, यात वादच नाही. हवाई बेटांवर पपईवर रिंगस्पॉट विषाणू पसरला तेव्हा पानं पिवळी पडून आक्रसायची, फळांवर गोल वलयं उमटायची आणि मावा ही कीड हा रोग झाडोझाडी नेत होती. फवारण्यांनी काही साधलं नाही. त्याच विषाणूच्या आवरणातल्या प्रथिनाचं जनुक पपईत घातलं, १९९८ मध्ये 'रेनबो' वाण आलं आणि बागा पुन्हा उभ्या राहिल्या. विद्यापीठातल्या संशोधकांचं काम होतं हे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पण जगातली बहुतांश जीएम लागवड सोयाबीन, मका, कापूस आणि कॅनोला या तेलबियांची. त्यातलं बरंचसं पीक जनावरांच्या खाद्यात नि इंधनात जातं. भुकेल्या माणसाकडे धान्य विकत घ्यायला पैसाच नसेल, तर कोठारं भरून त्याला काय मिळणार?

गरिबाच्या ताटातल्या पिकांवर काम व्हायला हवं. नायजेरियाने २०१९ मध्ये शेंगा पोखरणाऱ्या अळीला तोंड देणारी जीएम चवळी मंजूर केली. मला असं बियाणं हवंय, तेही शेतकऱ्याला राखून पुन्हा पेरता येईल असं.