‘स्ट्रीट-लीगल’ गाडीला मराठीत काय म्हणाल?

फ्लेक्सवाला, सातारा

पोवई नाक्याजवळ माझं फ्लेक्स छपाईचं छोटं दुकान आहे. परवा एक मित्रच गिऱ्हाईक म्हणून आला. विमानाच्या धावपट्टीवर रीतसर परवानगी काढून ड्रॅग रेस झाली, त्यात हौशी गटात त्याचा तिसरा नंबर आला. सरळ ४०२ मीटर, म्हणजे पाव मैल. दोन गाड्या शेजारी-शेजारी, दिवा हिरवा झाला की सुटायचं. त्यानं मजकूर लिहून आणला होता : ‘स्ट्रीट-लीगल क्लासमध्ये तृतीय’. म्हणजे रीतसर कागद असलेल्या, रस्त्यावर चालवता येणाऱ्या गाड्यांच्या गटात. सोबत वडील होते. ते म्हणाले, “लीगल कशाला लिहितोस? लोक विचारतील, आधी इल्लीगल होती का?”

पोरगं गप्प, मीही गप्प. तर शब्द सुचवा. अट एकच : दहा बाय आठच्या फ्लेक्सवर फोटोखाली एका ओळीत बसला पाहिजे आणि दुचाकीवरून जाणाऱ्याला न थांबता कळला पाहिजे.

मराठीच्या बाई, सांगली

‘रस्तावैध’ करता येईल. रस्ता फारसी, वैध संस्कृत, पण ‘रस्तारोको’ आपण पचवलाच की. माझाच आक्षेप एवढा, की ‘वैध’ म्हटलं की मला वजनकाट्यावरचा वैधमापनवाल्यांचा शिक्का आठवतो. ‘रस्तायोग्य’ त्यापेक्षा मऊ आहे, पण मग गाडी नुसती धड आहे एवढंच कळतं, कागदांचं काय ते कळत नाही.

जाता जाता : ‘शर्यत’ हा शब्द अरबी ‘शर्त’वरून आला, आणि शर्त म्हणजे अट. तेव्हा शर्यतीत अटींवरून भांडणं व्हायचीच.

गॅरेजवाला, मिरज

बाई, नमस्कार. शब्द शोधायची गरजच नाही, तो आपल्या तोंडात आहे : पासिंग. ‘गाडी कुठल्या पासिंगची?’ ‘एमएच दहा.’ ‘पासिंग संपलंय, फाट्यावर धरतील.’ या अर्थानं इंग्रज साहेबाला सांगितला तर त्याला कळणार नाही, म्हणजे शब्द आता आपलाच झाला. ‘पासिंगची गाडी’ म्हटलं की नंबरप्लेट, आरसी, विमा, पीयूसी सगळं आलं.

पण भांडण तिथं नाहीच. गेल्या महिन्यात माझ्याकडं एक हॅचबॅक आली. आरसी क्लीन, विमा चालू. आत बघतो तर मागची सीट नाही. स्टेपनी घरी. एसीचा कॉम्प्रेसर काढलेला. कॅट, म्हणजे धूर साफ करणारा डबा, उडवून सरळ पाइप टाकलेला, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, रिमॅप केलेला. चालू केली की शेजारच्या रसवंतीतली माणसं उठून बघायला आली. मालक म्हणतो, स्ट्रीट-लीगल आहे. मी म्हटलं, वायपर तरी फिरतो का? तर मोटरच काढलेली. वजन वाचतं म्हणे.

पासिंगची आहे. रस्त्याची आहे का, ते तुम्ही सांगा.

वकील, कऱ्हाड

गॅरेजवाले, ती पासिंगचीही राहिली नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ : नोंदणीपत्रातला तपशील आणि कंपनीनं मुळात दिलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही हेच बजावलं. आरसीचं कार्ड खिशात आहे म्हणून गाडी वैध ठरत नाही, गाडी कार्डाशी जुळावी लागते.

आणि फ्लेक्सवाले, ‘स्ट्रीट’ मोठ्या अक्षरात नका छापू. कलम १८९ शर्यतीसाठीच आहे. राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक जागी गाड्या पळवल्या, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर एक वर्षापर्यंत किंवा १०,०००. धावपट्टीवर जिंकलेलं बक्षीस लोकांना कास रोडवरचं वाटायला नको.

बैलगाडीवाला, खटाव

आमच्याकडं हे भांडण शर्यतीच्या मैदानावर रोज असतं. ‘आदत’ गट म्हणजे कायमचे दात न आलेलं वासरू. मग दोन दाती दुसा, चार दाती चौसा. कागद कोण बघतंय? तोंड उघडायचं, दात बघायचे. मालक शपथा घालतो, पंच बोट घालून बघतो. तुमच्या गाडीचंही तोंड उघडून बघा की. बॉनेट उघडा, सीट मोजा, वायपर फिरवा. आदत तर आदत, न्हाय तर ओपनमधी पळव.

गाड्यांचा नाद, विटा

मामा, पटलं. बाहेरच्या जगातही शेवटी तोंड उघडूनच बघतात. अमेरिकेत ड्रॅग रेसचे नियम करणारी एनएचआरए ही संस्था १९५१ साली निघाली. पाव मैल १३.९९ सेकंदांत किंवा त्याच्या आत मारणाऱ्याला हेल्मेट हवं. गाडी ११.४९ च्या आत गेली की बहुतेकांना रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर छत चेपू नये म्हणून आत बसवलेला लोखंडी पाइप, लागतो. आणि गंमत तिथंच आहे. गाडी जितकी वेगवान, तितके आत लोखंडी पाइप जास्त. शर्यतीत ते पाइप जीव वाचवतात, कारण डोक्यावर हेल्मेट असतं. बाजारात जाताना हेल्मेट कोण घालतं? साध्या धक्क्यालाही डोकं पाइपवर आपटतं. म्हणजे शर्यतीच्या नियमात बसवता बसवता गाडी रस्त्यातून उठते.

यावर २००५ साली तिथल्या एका मासिकवाल्यांनी तोड काढली, ‘ड्रॅग वीक’. पाच दिवस, वेगवेगळ्या धावपट्ट्या, आणि एकीकडून दुसरीकडं गाडी स्वतः चालवत न्यायची. सगळं मिळून साधारण १,६०० किलोमीटर. मदतीची गाडी मागं चालत नाही. सुटे टायर आणि पाने त्याच गाडीच्या मागं छोट्या ट्रॉलीत. कुणी म्हणो लीगल, कुणी म्हणो नको, गाडी चालत आली आणि चालत गेली एवढं पुरे.

तेव्हा माझं मत : ‘चालत आलेली गाडी’. टोचन करून, म्हणजे दुसऱ्या गाडीनं ओढून आणलेली नव्हे.

बैलगाडीवाला, खटाव

ते मात्र न्हाय पटत. आमचा बैल पिकअपमधनं येतो. म्हणून तो बैल न्हाय का?

मराठीच्या बाई, सांगली

बैलाचा मुद्दा बिनतोड आहे, पण बैलाला आरसी नसते. ‘टोचन’ मात्र मी टिपून ठेवला. माझं ‘रस्तावैध’ मी मागं घेते. ‘पासिंग’ घ्या. ‘लीगल’नं वडिलांच्या मनात जी शंका आणली ती ‘पासिंग’नं येत नाही, कारण पासिंग न झालेल्या गाडीला आपण इल्लीगल म्हणत नाही, ‘कागदं करायचीत’ म्हणतो.

फ्लेक्सवाला, सातारा

सगळ्यांचे आभार. छापलं : ‘धावपट्टीवर पासिंगच्या गाड्यांत तिसरा!’ वडील खूश. वकीलसाहेब, ‘स्ट्रीट’ काढला, उलट ‘धावपट्टीवर’ घातला.

गाड्यांचा नाद, विटा

दादा, छान. फक्त एक विचारतो, गाडी चालतच आली ना साताऱ्याला?

फ्लेक्सवाला, सातारा

खंबाटकीच्या चढाला क्लच गेला. वडिलांच्या बोलेरोनं टोचन करून आणली. फ्लेक्सवर फोटो धावपट्टीवरचा आहे.