प्रतिसाद: खोट रेतीत नाही, काळ्या मातीत आहे

अंगणातले पेव्हर ब्लॉक पहिल्याच पावसाळ्यात खचले ते रेती कमी पडल्यामुळे, असं वर एका भाऊंनी लिहिलंय. मला नाही पटत. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते नि पावसात फुगते. तिच्यावर कितीही रेती ओता, ब्लॉक हलणारच. आम्ही दीड फूट काळी काढून मुरूम भरला, ४-४ इंचांचे थर, पाणी मारून धुम्मसाने ठोकलेले. टाच रुतेनाशी झाली की मगच पुढचा थर. वर रेती फक्त १ इंच. कडेला काँक्रीटची पट्टी, आणि घरापासून बाहेरच्या बाजूला ४ फुटांना इंचभर ढाळ. हँडपंपाजवळचा कोपरा तेवढा घाईत उरकला, तो अजून डुगडुगतो.