सुपरव्हिजन (नव्या समुपदेशकांच्या कामावर देखरेख नि मार्गदर्शन) करायला शिकायचं कुठे?

जळगावची ताई: अनुभव आहे म्हणून संस्थेने दोन नव्या समुपदेशक पोरी माझ्या हाताखाली दिल्या. केस घेणं येतं, केस घेणारीला घडवणं कुणी शिकवलंच नाही. परवा एक म्हणाली, "मॅडम, बाई अहिराणीत रडत होती, मी मराठीत समजूत काढत बसले." अशा वेळी उत्तर द्यायचं की तिलाच विचारायचं?

धुळेकर: विचारा, ताई. समुपदेशन शिकवणाऱ्या अमेरिकन तज्ज्ञ जेनिन बर्नार्ड यांचं १९७९चं डिस्क्रिमिनेशन मॉडेल बघा: सुपरवायझर कधी शिक्षक, कधी समुपदेशक, कधी सल्लागार. मधली भूमिका जपून! पोरीचीच थेरपी सुरू करू नका.

सातपुड्याकडचा: लेखी संमती घेऊन सेशन रेकॉर्ड करा. ऐकताना कुठे थांबायचं ते तिने ठरवायचं, तुम्ही फक्त "इथे मनात काय चाललं होतं?" एवढंच विचारा. ही अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नॉर्मन केगन यांची पद्धत. तोंडी अहवालात नेमका अडलेला भाग गळतो.

जळगावची ताई: रेकॉर्डिंगला बाया तयार होत नाहीत, भाऊ. घरी कळेल ही धास्ती.

सातपुड्याकडचा: मग रोल-प्ले. तुम्ही ती बाई व्हा, बोला अहिराणीत. शिवाय तुमचं सुपरव्हिजन तपासणारं कुणी गाठा, व्हिडिओ कॉलवर चालेल. हे मात्र टाळू नका.

जळगावची ताई: शनिवारी बसवते दोघींना.