मदत हवी आहे: बंद कापड दुकानाचं ऑफिस करायचंय, जिन्यावरून उजेड-वारा घ्यावा का?

सांगलीत मारुती रोडजवळ मामांचं दुमजली कापड दुकान रिकामं पडून आहे. आरसीसी बांधकाम, रुंदी १८ फूट, खोली ६० फूट. तिथे पंधरा जणांचं ऑफिस करायचंय, शक्यतो कमी विजेत. पाडून नवीन बांधायचं नाही.

अडचण अशी की दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती चिकटून आहेत. पुढे पश्चिमेला पूर्ण काच, त्यामुळे दुपारी तीननंतर भट्टी. आणि मागचा अर्धा भाग भर दुपारी अंधारा. दुकान होतं तेव्हा दिवसभर ट्यूबलाइट आणि एसीवर भागायचं. एसीवाल्याने अर्थातच डक्टिंग (छताखालून मोठ्या नळ्यांनी थंड हवा फिरवणं) सुचवलं! काचेला फिल्म लावून पाहिली. ऊन थोडं कमी झालं, उजेडही गेला. आता काचेबाहेर उभ्या पट्ट्या बसवायचं ठरतंय. फॉल्स सीलिंग काढल्यावर १२ फूट उंची मिळाली, तो मात्र फायदाच.

गच्चीवर सोलर बसवणार आहोत. २०१९ च्या पुरात तळमजल्यात पाणी होतं, म्हणून मीटर सोडून इन्व्हर्टर, बॅटरी, सर्व्हर सगळं वरच्या मजल्यावर. खाली फक्त मीटिंगची जागा, तीही कोटा दगडाची फरशी घालून आणि लाकडी पार्टिशन न करता.

जिना अगदी मागे आहे. त्यावरचा टोपीचा स्लॅब काढून उंचावर झडपा असलेलं काचेचं छत केलं, तर गरम हवा आपोआप वर निघून जाईल का, की एप्रिल-मेमध्ये एक्झॉस्ट पंखा लागेलच? आणि पावसाळ्यात गळू नये म्हणून पॉलीकार्बोनेट (पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा) बरं की टफन्ड (मजबूत केलेली) काच?