वय ५२, गुंतवणुकीला आता सुरुवात: शेअर किती, ठेवी किती?

नमस्कार. माझी नोकरी साठाव्या वर्षापर्यंत आहे. मुलांची शिक्षणं, सासूबाईंचं लांबलेलं आजारपण आणि घराचं कर्ज यांत आजवरचा पगार लागला, आणि तो तिथेच लागायला हवा होता. आता कर्ज फिटलंय. नवरा निवृत्त आहे, त्याच्या पेन्शनमध्ये निम्मा घरखर्च निघतो. उरलेला निम्मा मी भागवते आणि जवळपास तेवढीच रक्कम दरमहा बाजूला टाकू शकते. सहा महिन्यांच्या खर्चाची ठेव आणि आरोग्य विमा आहे. बाकी पुंजी नाही.

भाचा म्हणतो, मावशी, उशीर झालाय तर सगळं शेअरमध्येच घाल. नवरा म्हणतो, या वयात मुदत ठेव सोडून कशाला हात लावू नकोस. दोघंही कळकळीने सांगतात आणि दोघांचंही मला अर्धंच पटतं. महागाई ६ टक्के धरली तर ७२ च्या नियमाने (७२ ला दराने भागलं की दुप्पट व्हायला लागणारी वर्षं) १२ वर्षांत खर्च दुप्पट, म्हणजे मी ७६ ची होईन तेव्हा आजच्या चौपट. नुसत्या ठेवी याला पुऱ्या पडतील असं वाटत नाही. पण जपानच्या शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक १९८९ च्या अखेरीस जिथे होता, ती पातळी त्याने ओलांडली थेट फेब्रुवारी २०२४ मध्ये. तेवढं थांबणं मला शक्य नाही.

हातात आठच वर्षं आहेत, तर विभागणी कशी करावी? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
ताई, आधी विभागणी बाजूला ठेवा. तुम्ही दरमहा निम्मा घरखर्च साठवणार आणि निवृत्तीनंतर तुम्हाला कमी पडणार तोही निम्माच. म्हणजे वाढ महागाईइतकीच मिळाली तर आठ वर्षं साठवलेलं आठ वर्षं पुरेल, ६८ पर्यंत. अमेरिकेतले आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांनी १९९४ मध्ये अमेरिकी बाजाराच्या जुन्या आकड्यांवरून दाखवलं होतं की पुंजी ३० वर्षं टिकवायची तर पहिल्या वर्षी साधारण ४ टक्केच काढावेत, पुढे ती रक्कम महागाईप्रमाणे वाढवावी. याचा अर्थ वर्षाच्या गरजेच्या २५ पट पुंजी. ८ आणि २५ मधलं हे अंतर शेअरच्या परताव्यावर आठ वर्षांत भरून काढायचा विचार करू नका. भाच्याचा सल्ला इथेच धोक्याचा आहे. तुमच्या हातातली मोठी गोष्ट म्हणजे कामाची वर्षं. ६३ पर्यंत काहीही मिळवत राहिलात, अगदी अर्धवेळ आणि निव्वळ घरखर्चापुरतं, तरी पुंजीला तीन वर्षं हात लागणार नाही.

मुदतही आठ वर्षांची नाही. ८० व्या वर्षी लागणारा पैसा अजून २८ वर्षं दूर आहे, त्यामुळे शेअर अजिबात नकोत हेही चूक. मी निम्मं निर्देशांक फंडात (निर्देशांकातले सगळे शेअर त्याच प्रमाणात घेणारा फंड), निम्मं ठेवी-रोख्यांत ठेवलं असतं. बाजार सुरुवातीला पडला तर तुमचे हप्ते स्वस्तात खरेदी करतील. खरी भीती साठीच्या आगेमागे पडण्याची: रक्कम मोठी असते, पगार थांबलेला असतो आणि खर्चासाठी पडत्या भावात विकावं लागतं. म्हणून ५६-५७ पासून दरवर्षी थोडं थोडं ठेवींकडे वळवा.

यजमानांची पेन्शन महागाईबरोबर वाढते का? आणि त्यांच्यामागे तुम्हाला किती मिळेल?

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत. एक भर: वार्षिक शुल्क नक्की विचारा. एकदा गुंतवलेल्या रकमेच्या ८ टक्के वाढीतून दरवर्षी २ टक्के शुल्कात गेले तर २५ वर्षांनी हातात सुमारे ३७ टक्के कमी येतात. विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली योजना कोणी पुढे केली तर सही करू नका.

धागाकर्ती
मनापासून आभार. पेन्शन वाढत नाही, आणि नवऱ्यामागे मला निम्मीच मिळेल. हे दोन्ही मी हिशेबात धरलंच नव्हतं. साठीनंतर अर्धवेळ काम मिळेल का, हे कार्यालयात विचारते. पण पेन्शन आहे तेवढीच राहणार असेल तर निम्मं शेअरमध्ये हे प्रमाण वाढवावं का, की पेन्शन निम्मी होईल म्हणून ठेवींचा भाग आधी भक्कम करावा?