मदत हवी आहे: सिडनी हार्बरमध्ये स्नॉर्कलिंग, मास्कात पाणी आणि समोर नुसता गढूळपणा

वाटसरू०७
नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

परवाच्या शनिवारी दहा वर्षांच्या लेकीला घेऊन फेअरलाइटला गेलो होतो. मॅन्ली व्हार्फला फेरीतून उतरून पाण्याच्या कडेकडेनं चालत गेलं की ही छोटी पुळण लागते. मोकळ्या समुद्राच्या लाटा मला झेपत नाहीत, म्हणून मुद्दाम हार्बरच्या आतली, उथळ खडकांची जागा निवडली. ऑफिसातला एक जण म्हणाला होता, "मासे पायाशी येतात." आमच्या पायाशी कुजकी पानं आणि एक चॉकलेटचा कागद आला. पाणी चहाच्या रंगाचं. हात लांब केला तर बोटं दिसेनात.

त्यात माझ्या मास्कात सारखं पाणी शिरत होतं. पट्टा आवळला, आणखी आवळला, कपाळावर वळ उठले, तरी नाकाखालून झिरपतंच. लेकीच्या मास्कवर वाफ धरली. आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट म्हणजे कमरेएवढ्या पाण्यात मला धाप लागली. पोहायला मी विहिरीत शिकलोय, पाठीला डबा बांधून. बुडायची भीती नाही. पण तोंड पाण्यात घालून नळीतून श्वास घ्यायचा हे शरीराला पटतच नाही. दोन मिनिटांत छाती भात्यासारखी. लेक पंधरा मिनिटांत कुडकुडायला लागली आणि आम्ही परत.

आता तिला समुद्रघोडा बघायचाय. मास्क बदलू, जागा बदलू की नाद सोडू? मास्कच्या जागी पूर्ण चेहरा झाकणारा घ्यावा का? त्यात म्हणे नाकानंही श्वास घेता येतो.

खारंवारं
दोनच प्रश्न. आधल्या दोन-तीन दिवसांत पाऊस होता का? आणि तुम्हाला मिशी आहे का?

वाटसरू०७
गुरुवारी रात्री धो धो. आणि हो, आहे. भरघोस. तुम्हाला कसं कळलं?

खारंवारं
"नाकाखालून झिरपतं" म्हणालात ना, त्यावरून. मास्कची सिलिकोनची कड कातडीला चिकटली तरच पाणी अडतं. केसांच्या मधून ते वाट काढतं. पट्टा आवळल्यानं उलट कड दुमडते आणि जास्त गळतं. मास्क जागेवर धरतो तो बाहेरच्या पाण्याचा दाब, पट्टा फक्त आधाराला. नाकाच्या लगेच खालची बोटभर पट्टी भादरा, किंवा तिथे सिलिकोन ग्रीज लावा. नवा घेणार असाल तर पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा आणि नाकानं हलकं आत ओढा. हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर तो तुमचा. लेकीलाही असाच बघून घ्या, मोठ्यांचा मास्क "चालवून घेऊ" म्हणू नका. तिची बट आत अडकत नाही ना, तेही बघा.

वाफ धरते कारण नव्या काचेवर कारखान्यातला थर असतो. तो टूथपेस्टनं दोन-तीनदा घासून काढा. मग दर वेळी पाण्यात शिरण्याआधी आत थुंका, चोळा, एकदा विसळा. लेक आधी "ईऽऽ" करेल, नंतर तीच आठवण करून देईल.

पाण्याचं म्हणाल तर इथे सरकारच्या बीचवॉचचा (किनाऱ्यांवरचं पाणी तपासणारा विभाग) सल्लाच आहे की जोरदार पावसानंतर हार्बरमध्ये तीन दिवसांपर्यंत उतरू नये, मोकळ्या समुद्राच्या किनाऱ्यांवर एक दिवस. रस्त्यांवरचं सगळं पाणी गटारांतून थेट खाडीत येतं आणि आतल्या भागात ते लवकर धुऊन जात नाही. तेव्हा न दिसणं हा त्यातला कमी त्रासाचा भाग. पोटात गेलं असतं तर वेगळा धागा काढावा लागला असता.

कोरडे तीन-चार दिवस जाऊ द्या आणि भरती चढत असताना जा. बाहेरचं स्वच्छ पाणी तेव्हा आत येतं आणि खडकावर पोटाखाली जागाही राहते. ओहोटीला तिथे गुडघे कालवांवर खरवडतात आणि सी अर्चिनचे (काटेरी गोळ्यासारखा समुद्री प्राणी) काटे वाट बघत असतात. ही पुळण दक्षिणेला तोंड करून आहे, म्हणून दक्षिणेचा वारा सुटला असेल त्या दिवशी घरीच बसा.

संथवाहते
धापेबद्दल लिहिते, कारण मला पहिल्या वर्षी हेच व्हायचं. थंड पाणी तोंडावर आलं की माणूस छोटे छोटे श्वास घेतो. नळीतली हवा तेवढ्याच उथळ श्वासात आत-बाहेर होत राहते, ताजी हवा कमी पोचते, म्हणून आणखी घाई. उपाय कंटाळवाणा आहे. उभे राहता येईल अशा जागी, फिन्स (पायातली वल्ह्यासारखी पाती) न घालता, फक्त तोंड बुडवून सोडलेला श्वास मोजायचा. आत घेणं आपोआप होतं, बाहेर सोडणं लांबवायचं. नळीत पाणी आलं तर "टूऽ" करून एकदम जोरात फुंकायचं. पाच मिनिटं हे केल्याशिवाय खडकाकडे जायचंच नाही. तरीही धाप थांबली नाही, छातीत दडपलं किंवा खोकला आला तर लगेच बाहेर. अशा वेळी "होईल ठीक" म्हणत पोहत राहू नये.

पूर्ण चेहऱ्याचा मास्क नको. आतली पोकळी मोठी, त्यात सोडलेली हवा साठू शकते आणि अडचणीत एका झटक्यात काढता येत नाही. लहान मुलीला तर नकोच.

सागरगोटा
माझं मत वेगळं. शांत पाण्यात, चांगल्या कंपनीचा असेल तर काय बिघडतं? आम्ही दोन वर्षं वापरतोय.

संथवाहते
तुम्हाला सवय आहे, यांना कमरेएवढ्या पाण्यात धाप लागतेय. ज्याला धाप लागते त्याला आधी तोंडावरचं काढून टाकता आलं पाहिजे.

आरस्पानी
समुद्रघोड्यासाठी फेअरलाइट नाही, क्लिफ्टन गार्डन्सला जा, चाउडर बेमध्ये. तिथे पोहण्याच्या जागेभोवती जाळी आहे आणि त्या जाळीवर उगवलेल्या शेवाळात समुद्रघोडे शेपटीनं धरून बसतात. हिपोकॅम्पस व्हाइटी ही जात. जॉन व्हाइट नावाच्या, इंग्लंडहून वसाहत करायला आलेल्या जहाजांच्या पहिल्या ताफ्यासोबत आलेल्या सर्जनच्या नावावरून. न्यू साउथ वेल्स राज्यानं तिला धोक्यातल्या जातींत टाकलंय, म्हणून हात लावायचा नाही, जाळी हलवायची नाही. जाळीपासून हातभर लांब तरंगत, एकाच चौकोनाकडे मिनिटभर बघत राहायचं. समुद्रघोडा शोधायला गेलं तर सापडत नाही. आधी "इथे काहीच नाही" असं वाटतं आणि मग काडीला डोळा फुटतो. लेकीला तुमच्याआधी दिसेल, पैज.

कुडकुडण्याबद्दल: इथलं पाणी फेब्रुवारी-मार्चमध्ये तेवीस अंशांच्या आसपास असतं, ऑगस्ट-सप्टेंबरात सतरा-अठरावर येतं. पाण्यात अंगातली उष्णता हवेपेक्षा कितीतरी वेगानं जाते. पोरीला तीन मिलीमीटरचा वेटसूट (पाण्यात घालायचा रबरी पोशाख) घ्या. ऊब मिळते आणि तो तरंगवतोही.

सागरगोटा
शार्कचं कुणी बोललंच नाही! उन्हाळ्यात नि उन्हाळा सरता सरता हार्बरमध्ये बुल शार्क येतात, हे लपवायचं कशाला. पहाटे, तिन्हीसांजेला आणि गढूळ पाण्यात उतरायचं नाही. म्हणजे पावसानंतरचा नियम इथेही लागू. मूल बरोबर असेल तर या महिन्यांत जाळीच्या आतच बरं.

आणि तिला एक सांगून ठेवा, खडकात हात घालायचा नाही आणि रिकामा दिसणारा शंख उचलून खिशात टाकायचा नाही. निळ्या कड्यांचा ऑक्टोपस असल्या शंखांत लपतो. तळहातापेक्षा लहान असतो, चावलेलं कधी कधी कळतही नाही आणि विष श्वास बंद पाडतं.

खारंवारं
होड्यांचंही लक्षात ठेवा. मागे दोरीनं भडक रंगाचा तरंगता फुगा ओढत न्या, पाण्यात पालथा माणूस होडीवाल्याला दिसत नाही. आणि दोघांनी एकाच वेळी खाली बुडी मारायची नाही. एक खाली, एक वर बघत.

वाटसरू०७
अपडेट! मिशी कमी केली. (घरात यावर जास्त चर्चा झाली.) पाच कोरडे दिवस गेल्यावर सकाळी दहाला, चढत्या भरतीला क्लिफ्टन गार्डन्स. मास्कात थेंब नाही. "टूऽ" चांगलंच जमलं, लेक मला इंजिन म्हणते. समुद्रघोडा तिला दिसला, मला नाही. तिनं बोट दाखवलं तरी दिसला नाही. वर येऊन परत गेलो तेव्हा दिसला, करंगळीपेक्षा थोडा मोठा, पिवळट.

येताना पुळणीवर तिला एक तपकिरी, मळसूत्रासारखी गुंडाळलेली, चामड्यासारखी वस्तू सापडली. मूठभर आकाराची, आत रिकामी. तुमचं ऐकून आधी काडीनं उलटीपालटी केली, मग उचलली. ती म्हणते शंख, मी म्हणतो वनस्पती. काय आहे?

आरस्पानी
दोघंही हरलात. पोर्ट जॅक्सन शार्कच्या अंड्याचं कवच आहे. अंडं घालताना ते मऊ असतं, मग कडक होतं आणि त्या आट्यांमुळे खडकाच्या फटीत स्क्रूसारखं अडकून बसतं. पिल्लू बाहेर यायला दहा-बारा महिने लागतात. रिकामं म्हणजे बहुधा पिल्लू निघून गेलंय. हे शार्क माणसाच्या वाटेला जात नाहीत. हिवाळ्यात याच खडकांवर अंडी घालायला येतात, तेव्हा पोरीचा वेटसूट जरा जाडच घ्या.